कातडी चिकटली, पण कोपर सरळ होत नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

«मुलगी साडेपाच वर्षांची. रॉड लावून तापवलेल्या पाण्याची बादली तिच्या उजव्या हातावर कलंडली आणि दंडापासून मनगटापर्यंत भाजलं. चार आठवडे ड्रेसिंग करूनही जखम भरेना, म्हणून मांडीची कातडी काढून बसवली. त्याला आता दहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, कातडी छान चिकटली. पण चट्टा दिवसेंदिवस लाल आणि टणक होतोय, रात्री खाजवून ती झोपत नाही, आणि कोपर पूर्ण सरळ होत नाही. तेवीस तास घट्ट बाही घालायला सांगितलंय. उकाड्यात ती रडते, मग आम्ही काढून ठेवतो. रात्रीचा स्प्लिंटही (हात सरळ धरणारी कडक पट्टी) तिला नको असतो. सासूबाई म्हणतात, केळीच्या पानावर निजवलं असतं तर डागच राहिला नसता, आणि आता आंबट काही देऊ नका. मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात येते: स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, चट्टा जातो. कर्ज काढून करून घ्यावं का?»

ताई, कर्ज काढू नका. का ते पुढे सांगते. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट इंजेक्शन नाही, डागही नाही. ती आहे कोपर. डागाला वेळ आहे, कोपराला नाही.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे रोजच्या कटकटीचं कारण कळेल. मांडीवरून काढलेली कातडी साधारण 0.2 ते 0.4 मिलिमीटर जाडीची असते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बसवल्यावर पहिले दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जोडल्या जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिच्यात रक्त खेळू लागतं. डॉक्टर 'चिकटली' म्हणाले ते हे. खाली रक्त साठलं, पाणी धरलं, कातडी सरकली किंवा जंतू वाढले तर ती सुटते. तुमच्या लेकीचं यातलं काही झालं नाही, म्हणजे शस्त्रक्रिया चांगली झाली आहे.

पण कातडीखालच्या जखमेत एक वेगळ्याच जातीच्या पेशी असतात. 1971 मध्ये गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन केलं. त्या धागे विणणाऱ्या पेशी असतात, पण त्यांच्यात स्नायूसारखे आकसणारे तंतूही असतात. उघडी जखम लहान करणं हे त्यांचं काम. जखमेच्या कडा ओढून जवळ आणायच्या, म्हणजे भरायला कमी जागा उरते. पाठीवर हे चालून जातं. कोपराच्या खोबणीत त्याच पेशी दंड आणि पुढचा हात एकमेकांकडे ओढतात. वर पातळ कातडी बसवली म्हणून त्यांचं ओढणं लगेच थांबत नाही. जाड कातडी त्यांना जास्त आवर घालते, पातळ कातडी कमी.

त्यात जखम चार आठवडे उघडी होती. भाजलेल्या जखमांवरचा 1983 मधला एक अमेरिकी अभ्यास आजही वापरात आहे: ज्या जागा 21 दिवसांनंतर भरल्या, त्यांतल्या 78 टक्के जागी चट्टा जाड झाला. म्हणून हल्ली तीन आठवड्यांत भरणार नाही असं दिसलं की लवकर कातडी बसवण्याकडे कल असतो. हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. दहाव्या आठवड्यात चट्टा लाल, फुगलेला आणि खाजरा असणं हे अपेक्षितच आहे. तो सहाव्या महिन्यापर्यंत आणखी वाढू शकतो आणि मग हळूहळू निवतो. पूर्ण निवायला एक ते दीड वर्ष, कधी दोन वर्षं जातात. तोपर्यंत तो जिवंत आहे, रोज बदलतो आहे. कोपर आखडतं ते याच काळात, आणि सरळ ठेवता येतं तेही याच काळात.

कोपर

फिजिओ सांगतात ते खरं आहे: ज्या स्थितीत मुलाला बरं वाटतं, त्याच स्थितीत सांधा आखडतो. मुलगी हात वाकवून पोटाशी धरून झोपत असेल. तिला तसं बरं वाटतं, आणि आठ-दहा तास चट्ट्याला आकसायला मोकळं रान मिळतं. दिवसा तासभर ताणून कमावलेलं रात्रीत जातं. म्हणून बाही आणि स्प्लिंट यांपैकी एकाच गोष्टीसाठी भांडायची ताकद उरली असेल, तर स्प्लिंटसाठी भांडा.

स्प्लिंट पुढच्या बाजूने, म्हणजे चट्ट्यावरून असावा. म्हणजे हात सरळ राहतो आणि चट्ट्यावर दाबही पडतो. तळवा वर येईल असा हात ठेवून तो बांधायचा. पट्टे तीन: दंडावर, मनगटाजवळ आणि मागून कोपराच्या टोकावर. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच सैल राहतो. टोकाला टोचतं म्हणून आई तो ढिला करते, मग स्प्लिंटच्या आत कोपर हळूच वाकून बसतं आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्या पट्ट्याखाली मऊ फोमची घडी ठेवा, पण पट्टा ढिला करू नका. सकाळी काढल्यावर कातडीवर लाली असेल तर घड्याळ बघा. अर्ध्या तासात गेली तर हरकत नाही. राहिली किंवा फोड आला तर स्प्लिंट पुन्हा बसवून घ्यायला हवा. तसाही दर दोन-तीन आठवड्यांनी तो तपासावाच लागतो, कारण हात जितका सरळ होतो तितका जुना स्प्लिंट वाकडा ठरतो. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा स्प्लिंट परवडत नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टीही तेच काम करते. आकार बरोबर असणं महत्त्वाचं, किंमत नाही.

आता ताणण्याची पद्धत. आधी चट्ट्याला साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा, कारण कोरडी कातडी ताणली की भेगा पडतात. मुलीला पाठीवर निजवा. तुमचा एक हात तिच्या कोपराच्या वर दंडाखाली, दुसरा मनगटावर. तळवा वर ठेवून हात अगदी सावकाश सरळ करत न्या आणि चट्ट्याकडे बघत राहा. एका क्षणी लाल चट्टा ताणून फिका, पांढरट पडतो. तिथे थांबा. पुढे ढकलू नका, मागेही येऊ नका. तिच्याबरोबर तीसपर्यंत आकडे म्हणा, मग सोडा. असं दहा वेळा, दिवसातून चार ते सहा वेळा.

झटका कधीही देऊ नका. कुणी 'कडकन सरळ करून देतो' म्हणालं तर हात लावू देऊ नका. झटक्याने चट्टा फाटतो, फाटलेली जागा भरताना पुन्हा आकसते, आणि पोर पुढच्या वेळी हातच देत नाही. शिवाय भाजल्यानंतर कोपर असं जबरदस्तीनं ओढलं तर सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होण्याचा धोका असतो. लहान मुलांत तो कमी असतो, पण झाला तर फार वाईट. चट्ट्यातल्या त्या ओढणाऱ्या पेशी दमाने घेतलेल्या लांब ताणाला दाद देतात, जोराला नाही.

बाकीचा व्यायाम खेळातून करून घ्या. दारावर तिच्या डोक्याच्या वर कागद चिकटवून उजव्या हाताने चित्र काढायला द्या, दोरीवर रुमाल वाळत घालायला सांगा, साबणाचे फुगे हात लांबवून फोडू दे. जेवणही उजव्याच हाताने.

प्रगती मोजायला यंत्र नको. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा, तिचा हात करंगळीच्या कडेवर, अंगठा छताकडे करून, त्यावर ठेवा आणि दंडापासून बोटांपर्यंत बाहेरच्या कडेने पेनाने रेघ मारा. तारीख लिहा. दर रविवारी नवा कागद. दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले की हात सरळ होतोय की आखडतोय ते दिसतं. सगळं नेमाने करूनही लागोपाठ दोन-तीन रविवार रेघ आत वळत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. तेव्हा डॉक्टर पूर्ण प्लास्टर घालून आठवड्या-आठवड्याने ते बदलत कोन वाढवू शकतात. लहान मुलांत ही पद्धत चांगली लागू पडते, कारण प्लास्टर त्यांना काढता येत नाही.

घट्ट बाही

दाब आणि स्प्लिंट यांचा नेमाने वापर 1970 च्या सुमारास टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन इथल्या श्रायनर्स रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर सुरू झाला आणि तिथून जगभर गेला. तेवीस तासांचा नियम अनुभवातून आला आहे, घड्याळ लावून केलेल्या प्रयोगातून नाही. नंतरच्या अभ्यासांचं निष्पन्न मध्यम आहे: दाबामुळे चट्ट्याची जाडी आणि टणकपणा काही प्रमाणात कमी होतो, आणि हा फायदा मुख्यतः जाड चट्ट्यांत दिसतो. रंगावर फारसा परिणाम नाही. तुमच्या मुलीचा चट्टा जाड होतोय, म्हणून बाही तिच्या उपयोगाची आहे. पण दुपारी दोन तास काढली म्हणून सगळं वाया गेलं असं मानून तिच्याशी झगडू नका. रात्र, सकाळ आणि संध्याकाळ सांभाळा, दुपारच्या कडक उकाड्यात सूट द्या, आणि हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. 'घालते' असं खोटं सांगितलं तर ते उपचार चुकीच्या हिशेबाने ठरवतील.

तिला इतरांपेक्षा जास्त का उकडतं, हेही लक्षात घ्या. पातळ कातडी काढताना घामाच्या ग्रंथी मांडीतच राहतात. त्यामुळे त्या हाताला घाम येत नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. बाहीवर ओला पंचा गुंडाळून पंख्याखाली बसवलं तर आराम पडतो.

बाह्या दोन हव्यात, एक अंगात आणि एक वाळत. साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री नाही. दोन-तीन महिन्यांत इलॅस्टिक सैल पडतं आणि मूलही वाढतं, तेव्हा पुन्हा माप द्या. बोटं निळसर दिसली, सुजली किंवा मुंग्या आल्या तर बाही लगेच काढा. कोपराच्या खोबणीत बाहीचा दाब पोचतच नाही, तिथे आत सिलिकॉनचा तुकडा बसवावा लागतो. मापाच्या वेळी तो मागून घ्या.

सिलिकॉनची शीट पूर्ण भरलेल्या कातडीवरच लावायची. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग वाढवत बारा तासांच्या पुढे. शीट आणि हात दोन्ही रोज धुवा. उन्हाळ्यात खाली पुरळ येतं, तसं झालं तर दोन-तीन दिवस विश्रांती. सिलिकॉन कातडीत मुरत नाही, ते ओलावा आत राखतं आणि त्याने चट्टा मऊ राहतो असं मानलं जातं. साधं तेल-मलमही ओलावा राखतं, म्हणून शीट परवडत नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं मालीश करा. नुसतं वरवर चोळू नका. बोटाने इतकं दाबा की तेवढी जागा फिकी पडेल, मग गोल फिरवा. कुठे उघडी जखम असेल तर ती जागा सोडा.

खाजेवर औषध आहे, सोसायची गरज नाही. रात्रीचं अलर्जीचं औषध पुरलं नाही तर मज्जातंतूंवर काम करणारी औषधं असतात, पण ती वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवायची. नखं कापलेली ठेवा. त्या हाताची जाणीवही कमी असते, म्हणून आंघोळीचं पाणी तिला त्या हाताने बघू देऊ नका, तुम्ही बघा. उन्हात पूर्ण बाहीचा सुती सदरा हवा. ताज्या चट्ट्यावर ऊन पडलं तर तो काळा पडतो.

केळीचं पान आणि आंबट

सासूबाईंचं म्हणणं झिडकारू नका, त्यात अर्धं खरं आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर काम केलं. 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले, वरवर भाजलेल्या जखमांवरही आणि कातडी काढलेल्या मांडीच्या जखमेवरही. पानाचा गुण असा की ते गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना मूल किंचाळत नाही, आणि ते अगदी स्वस्त पडतं. पण ती पानं निर्जंतुक करून वापरलेली होती, बागेतून तोडून थेट नाही. पान जखम झाकतं, ओलावा राखतं, वेदना कमी करतं. खोल भाजलेल्या ठिकाणी मेलेली कातडी ते परत आणत नाही. तुमच्या मुलीची जखम चार आठवड्यांत भरली नाही याचा अर्थ ती खोल होती. पानावर निजवलं असतं तरी कातडी बसवावी लागलीच असती. हा सल मनातून काढा.

आंबटाचं मात्र पूर्ण उलटं आहे. चट्ट्यातले कोलॅजनचे धागे घट्ट विणले जायला 'क' जीवनसत्त्व लागतंच, आणि ते लिंबू, आवळा, पेरू, संत्र्यात असतं. 1740 च्या दशकात ॲन्सन या इंग्रज दर्यासारंगाच्या सफरीत खलाशांना 'क' जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाला. त्यांतल्या एकाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या, केव्हाच भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या अशी नोंद आहे. व्रण भरला म्हणजे तिथलं काम संपलं असं होत नाही, जुने धागे झिजतात आणि नवे विणले जातात. रोज एक पेरू किंवा आवळा द्या, वरणावर लिंबू पिळा, सोबत अंडं, दूध, शेंगदाणे, डाळ.

मांडीवरची जागा साधारण दोन आठवड्यांत भरते. ती काही महिने लाल-काळी दिसते आणि मग फिकी पडते. थोडा वेगळा रंग कायम राहतो. तिथेही तेल लावत राहा, बाकी काही करायची गरज नाही.

स्टेम सेलची इंजेक्शनं

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. त्यांच्यावर खरं संशोधन आहे, आणि थक्क करणारं आहे. 1975 मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या वरच्या थराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात 95 टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान मुलांच्या अंगाचा मोठा भाग अशाच वाढवलेल्या कातडीने झाकल्याचं वर्णन आहे. 2017 मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या सात वर्षांच्या मुलाची हकिगत आली. त्याला कातडी सुटून येणारा जन्मजात आजार होता. त्याच्याच पेशींतला जनुकीय दोष दुरुस्त करून वाढवलेली कातडी त्याच्या अंगाच्या सुमारे 80 टक्के भागावर बसवली.

पण हे सगळं कातडीच उरली नाही अशा मुलांसाठी होतं. चिकटलेल्या कातडीखालचा चट्टा सुया टोचून घालवणं ही वेगळीच गोष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत संशोधनातच करता येतो. जाहिरातीत तर रक्तातून काढलेली पीआरपी, चरबीचा अर्क, एक्सोसोम (पेशींनी बाहेर टाकलेले सूक्ष्म कण) या सगळ्यांना सर्रास 'स्टेम सेल' हे एकच नाव दिलेलं असतं.

तरी विचारायचंच असेल तर तीन गोष्टी लेखी मागा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक, एथिक्स कमिटीची (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या समितीची) मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र. क्रमांक दिला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर घालून बघा, शोध फुकट आहे. आणि चाचणीतल्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. जिथे 'संशोधन' म्हणून पैसे मागतात तिथून उठा.

चट्ट्यासाठी खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी पुढे आहेत, घाई नको. ठरावीक उंच वळीत स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, पण ते दुखतं आणि मोठ्या पसरलेल्या चट्ट्याला पुरत नाही. लालीसाठी एक लेझर असतो, टणक कातडीसाठी दुसरा. दोन्ही काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावे लागतात आणि या वयात बहुधा भूल देऊन. कोणता, केव्हा, हे प्लास्टिक सर्जनना विचारा.

पुन्हा ऑपरेशन लागेल का

लागू शकतं. तुमचं चुकलं म्हणूनच असं नाही. हाड वाढतं, चट्टा त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे उंची झपाट्याने वाढते त्या वयात कोपर पुन्हा ओढू लागतं. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहा. चट्टा दोरीसारखा अरुंद असेल तर झेड आकाराचा छेद घेऊन कडा अदलाबदल करतात. 60 अंशांच्या कोनात केल्यास त्या रेषेची लांबी हिशेबाने 75 टक्के वाढते. रुंद चट्टा असेल तर तो उघडून तिथे जाड कातडी किंवा शेजारचा मांसल भाग फिरवून बसवतात. शक्यतो चट्टा निवेपर्यंत थांबतात. पण हात वापरताच येत नसेल तर थांबायचं नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार येतात. आखडलेल्या सांध्याची शस्त्रक्रिया तुमच्या कार्डावर बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारून ठेवा.

एक शेवटचं. चट्ट्यावर कुठेही उघडी जागा दोन आठवड्यांत भरली नाही, वास किंवा पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. पुढच्या तपासणीला जाताना वर्तमानपत्राचे सगळे कागद, स्प्लिंट आणि दोन्ही बाह्या पिशवीत घालून न्या. स्प्लिंट तुम्ही घरी बांधता तसा डॉक्टरांसमोर बांधून दाखवा, कोपराच्या टोकावरच्या पट्ट्यासकट.